छातीत पाणी झालंय म्हणाले, तर बाटली सांभाळा

मी ग्रामीण रुग्णालयात 31 वर्षं नोकरी केली, आता देवगडजवळ घरी असते. अजूनही एक्स-रेचा लखोटा घेऊन कोणीतरी पडवीत येऊन बसतं आणि विचारतं, “सिस्टर, पाणी काढल्यानी, आता बरो होतलो ना?” पाणी काढलं की धाप कमी होते, एवढंच. ते कशामुळे साठलं हे कळल्याशिवाय खरा उपचार सुरू होत नाही. फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत एरवीही दहा-वीस मिली पाणी असतं, वंगणासारखं. लिटरभर साठलं, तर मागे हृदय, मूत्रपिंड, यकृत, टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर असं काहीतरी असतं.

माझा दीर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचा. आधी उजव्या बरगडीत कळ यायची, श्वास घेताना सुई टोचल्यासारखी. आठ दिवसांनी कळ थांबली आणि घरात सगळ्यांना वाटलं, तेल चोळलं त्याचा गुण आला. खरं तर पाणी वाढून फुप्फुसावरचा आणि बरगड्यांच्या आतला असे दोन पापुद्रे एकमेकांवर घासायचे थांबले होते. कळ गेली आणि दम वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपताना माणूस कुठल्या कुशीवर वळायला घाबरतो तेही डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतात. फणस तयार झाला का ते आपण थापटून बघतो, तसंच. पाणी असेल तिथे आवाज बद्द येतो. ही युक्ती 1761 साली आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने छापून सांगितली. त्याच्या बापाची खानावळ होती आणि दारूच्या पिंपांवर ठोकून माल किती उरला ते बघायची सवय तिथलीच, असं म्हणतात. पण नुसत्या ठोकण्यावर भागत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत साधारण 200 मिली साठल्यावर कोपरा बुजलेला दिसतो. सोनोग्राफीत त्याहून कमीही दिसतं, आणि पाण्यात पडद्यांसारख्या जाळ्या झाल्यात का तेही कळतं.

सुई सोनोग्राफी बघूनच घाला, असा आग्रह धरा. एका खोलीत खूण करून दुसरीकडे टोचायला नेलं की बसण्याची ढब बदलते आणि पाणी सरकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मात्र आपल्या मनाने बंद करू नका. रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून समोर टेबलावर दोन उशा द्यायच्या, त्यांवर हात आणि डोकं. सुई बरगडीच्या वरच्या कडेने जाते, कारण शिरा खालच्या कडेला असतात. मध्येच खोकला आला किंवा छाती आवळली तर लगेच बोलायचं. एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर फुप्फुसातच पाणी उतरू शकतं. “काढून टाका एकदाचं सगळं” हा हट्ट मी शंभरदा ऐकलाय.

आता काढलेलं पाणी तपासणीला नेतात ती बाटली. दिराच्या वेळी नेणाऱ्या पोऱ्याने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि वाटेत जेवायला थांबला. मे महिना. शिवाय सोबत तपासायला रक्त घ्यायचं राहूनच गेलं. रिपोर्टात पाण्यातलं प्रोटीन आलं, पण तुलना कशाशी करणार? पुन्हा टोचलं. मी नर्स असून हे झालं, याची मला अजून लाज वाटते.

1972 साली रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी दीडशे नमुन्यांवरून मांडलेली कसोटी आजही जगभर चालते. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या निम्म्याहून जास्त, किंवा एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एक एन्झाइम) रक्तातल्याच्या 0.6 पटीहून जास्त, किंवा ते एलडीएच रक्ताच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यातलं एक जरी जुळलं तरी एक्झुडेट, म्हणजे फुप्फुसाचं आवरणच आजारी. एकही नाही जुळलं तर ट्रान्सुडेट, मग बहुधा हृदय, यकृत, मूत्रपिंडाकडे बघायचं. म्हणून रक्त आणि पाणी एकाच दिवशी द्या. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ही कसोटी चकते. एकूण ट्रान्सुडेटपैकी सुमारे पाव नमुन्यांना ती एक्झुडेट म्हणते. तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा.

कॅन्सरच्या पेशी बघायच्या असतील तर 50 मिली तरी पाठवा. कॅन्सर असूनही पहिल्या नमुन्यात दहापैकी सुमारे चार वेळा पेशी सापडत नाहीत, तेव्हा एका ‘निगेटिव्ह’वर निर्धास्त होऊ नका. जंतुसंसर्गाची शंका असेल तर थोडं पाणी ब्लड कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या बाटलीत घालायला सांगा. बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण ती बाटली बर्फात ठेवू नका. प्रत्येक बाटलीवर नाव, बाजू आणि वेळ तुम्ही स्वतः बघा.

दिराच्या पाण्यातलं एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, 72 आलं. 40 च्या वर आणि सोबत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त, तर आपल्याकडे आधी टीबीच आठवतो. छातीच्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, म्हणून सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं ठरत नाही. पू असला तरी एडीए चढतं, त्यामुळे एकटा आकडा उपयोगाचा नाही. औषधं सहा महिने: पहिले दोन महिने चार प्रकारची, पुढचे चार महिने तीन प्रकारची. लघवी नारिंगी होईल, ते रक्त नाही. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात. आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी प्यायला द्या! छातीत पाणी म्हणून तांब्या लपवणारी घरं मी पाहिली आहेत. पेजही द्या, मासेही द्या.

पू निघाला तर छातीत नळी त्याच दिवशी, उद्यावर टाकू नका. पू दाट असून जाळ्या झाल्या असतील तर विचारा, आत औषध सोडायचं का. 2005 च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज या गुठळ्या विरघळवणाऱ्या औषधाने फायदा झाला नाही. 2011 मध्ये 210 रुग्णांवर टीपीए (गुठळ्या विरघळवणारं) आणि डीएनेज (पू पातळ करणारं) ही दोन औषधं तपासली. एकेकटी निष्प्रभ ठरली, जोडीने मात्र काम झालं. कॅन्सरमुळे पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर टाल्कची पूड घालून फट बंद करता येते, किंवा घरी रिकामी करायची नळी बसवता येते. 2012 च्या 106 रुग्णांच्या अभ्यासात धाप दोन्हींनी सारखीच कमी झाली. मग घरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास किती आणि नळी सांभाळायला घरात कोण, यावर ठरवा.

गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा मुंबईला गेल्यावर एखाद्या संशोधनात भाग घ्याल का असं विचारलं, तर घाबरू नका आणि लगेच सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, त्याची प्रत घ्या, सीटीआरआयचा, म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा. कुठल्या गटात जाणार हे संगणकाच्या चिठ्ठीवर ठरतं. देवाला लावलेल्या कौलासारखं त्यात डावं-उजवं सांगणारा गुरव नसतो. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

आणि एक्स-रेच्या फिल्मा. पावसात त्या दमट होऊन एकमेकींना चिकटतात. दिराच्या मी तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. जुनी आणि नवी फिल्म खिडकीच्या उजेडाला शेजारी शेजारी धरून दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.