रोव्हर शिकवायला जाताय? चाकापासून सुरू करा

विदर्भातल्या खेड्यांतल्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना रोव्हर, म्हणजे चंद्र-मंगळावर फिरतात तशी चाकांची यंत्रगाडी, बनवायला शिकवणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. इंजिनियरिंग किंवा बीएस्सी संपवून ‘मलाही असं काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्यांचे अधूनमधून फोन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: आर्डुइनो कोणता घेऊ? आर्डुइनो म्हणजे कोड टाकून गाडी चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. सुरुवातीचे काही आठवडे कोणताच नको, हे माझं ठरलेलं उत्तर.

वर्गात बोर्ड ठेवला की दोन हुशार मुलं त्याला चिकटतात आणि बाकीचे मागून माना उंचावत बसतात. शिवाय कोड बरोबर असला तरी गाडी हलेलच असं नाही. मैदानातल्या मुरमावर चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागच्या जागी. रोव्हरचं निम्मं दुखणं चाकात आणि मातीत असतं. नासाचा स्पिरिट रोव्हर २००४ मध्ये मंगळावर उतरला आणि २००९ मध्ये भुसभुशीत मातीत रुतला तो कायमचाच. त्याआधी २००६ मध्ये त्याचं पुढचं एक चाक बंद पडलं होतं. ते चाक फरफटत तो उलटा चालायचा. त्या फरफटीने वरची माती खरवडली गेली आणि खाली सिलिका भरलेली पांढरी माती निघाली. तिथे कधीकाळी गरम पाणी असावं, याचा तो मोठा पुरावा ठरला. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. बंद पडलेल्या चाकानेही शोध लागतो हे कळलं की मुलांची मोडतोडीची भीती बरीच कमी होते.

मग चाकं करायला लावा. तेलाच्या डब्याची झाकणं, चपलेचं रबर, सनबोर्डच्या (फोमच्या कडक शीटच्या) चकत्या, जे मिळेल ते. एका मोटारीवर एक चाक लावायचं आणि कोरडी वाळू, मुरूम, बारीक गिट्टी आणि काळी माती अशा चार पट्ट्यांवर चालवून बघायचं. निकाल वहीत. गुळगुळीत चाक वाळूत फसतं, मग मुलं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या चिकटवतात. वाळूत ते झकास चालतं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत न्या, की पट्ट्यांमधल्या फटी भरतात आणि चाकाचा मातीचा लाडू होतो.

इथे गप्प बसायचं. मला हे जमायला वेळ लागला नाही, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, “म्याडम, वखराच्या पासेले माती चिपकते, तं बाबा काडीनं खरडते.” पास म्हणजे वखराचं आडवं लोखंडी पातं. त्याने पत्र्याची एक पट्टी कापली आणि चाकाला जेमतेम न लागेल अशी चौकटीवर बसवली. चाक फिरलं की माती आपोआप खरडली जाते. मंगळावर चिखल नाही, त्यामुळे खऱ्या रोव्हरला अशी पट्टी लागत नाही. हे त्यालाही सांगितलं आणि तो लगेच म्हणाला, “मंग आपला रोव्हर वावरातला.” चालेल की. जिथे जायचं तिथल्या जमिनीसाठी यंत्र करायचं, डिझाइन म्हणतात ते हेच.

चाकानंतर सांगाडा. सहा चाकं, स्प्रिंग नाही, आणि खडकावर चढतानाही सगळी चाकं जमिनीला टेकलेली, या रचनेला रॉकर-बोगी म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर गेलेल्या नासाच्या सोजर्नरपासून चांद्रयान-३ मधल्या आपल्या प्रज्ञानपर्यंत हीच. वायरिंगचा पीव्हीसी पाइप, एल्बो आणि नटबोल्ट यांत ती बसते. दोन गोष्टी हमखास अडतात. मुलं सांध्याचा नट करकचून आवळतात, मग सांधा हलतच नाही. दोन नट एकमेकांवर आवळून मधे किंचित मोकळीक ठेवायला शिकवा. दुसरी अडचण म्हणजे मधली पेटी पुढेमागे कलंडते. मंगळावरच्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या पाठीवर एक आडवी दांडी दिसते ती यासाठीच. ती मध्यावर फिरते आणि टोकं दोन्ही बाजूंच्या रॉकरला, म्हणजे चाकं धरणाऱ्या मोठ्या दांड्यांना, जोडलेली असतात, त्यामुळे पेटीचा कल दोन्ही बाजूंच्या कलाच्या सरासरीइतका राहतो. फूटपट्टीचा तुकडा आणि तार एवढ्यात हे होतं. फोटो दाखवा, पण दांडी कशासाठी आहे ते मुलांना आधी ओळखू द्या.

वेगावरून भांडण होणारच. सगळ्यांना रेस लावायची असते. तेव्हा गणित काढा. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या बीओ मोटारीचं (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअर मोटारीचं) चाक साधारण ६.५ सेंमी व्यासाचं, म्हणजे परीघ सुमारे २०.४ सेंमी. मिनिटाला १०० फेरे म्हणजे सेकंदाला ३४ सेंमी. प्रज्ञानचा वेग होता सेकंदाला १ सेंमी. २७ ऑगस्ट २०२३ ला त्याच्या ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा आला आणि त्याला आल्या वाटेने परत फिरवलं. आपल्या गाडीच्या वेगाने तो नऊ सेकंदांत काठावर पोचला असता. हा हिशोब मुलांनी स्वतः केला की हळू चालणं त्यांना कमीपणाचं वाटत नाही. शिवाय वर्तुळाच्या परिघाचा धडा फुकटात होऊन जातो. मुख्याध्यापकांना हे आवर्जून दाखवा, तासिका मिळवायला उपयोगी पडतं.

रिमोटसाठी सुरुवातीला वायर आणि डीपीडीटी स्विच (मोटार सुलट-उलट फिरवता येते असे) पुरेत. नंतर माझा आवडता खेळ. मंगळापर्यंत सिग्नल जायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे तिथे जॉयस्टिकने गाडी हाकता येत नाही. एक गट मैदानाकडे पाठ करून बसतो, फक्त नकाशा बघून चिठ्ठीवर आज्ञा लिहितो: पुढे ४ सेकंद, डावीकडे १ सेकंद. चिठ्ठी नेणारा मुलगा तीन मिनिटं थांबून मगच ती चालकाला देतो. पहिल्या फेरीत गाडी हमखास झाडाच्या आळ्यात जाते. तिसऱ्या फेरीपर्यंत चिठ्ठ्या बारकाईने लिहिल्या जातात, आणि कोड म्हणजे काय हे कॉम्प्युटरशिवाय समजलेलं असतं. आर्डुइनोची पेटी आता उघडा.

गट पाडताना डोळे उघडे ठेवा. स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात आणि वही-सजावट मुलींकडे, हे आपोआप होतं, कोणी ठरवत नाही. दर आठवड्याला कामं फिरवा आणि मुलगे कुरकुरले तरी ऐकू नका.

वेळापत्रक शेतीवर बेतायचं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सोयाबीनची सोंगणी आणि नंतर कापूस वेचणी लागली की पटावरची मुलं निम्मी दिसतात. त्या दिवसांत नवा धडा घेऊ नका, दुरुस्त्या करा. पोळ्याचा काळ मात्र सोन्यासारखा. तान्ह्या पोळ्याला प्रत्येक घरातून चाकावरचा लाकडी बैल निघतो. त्यातले दोन वर्गात आणायला सांगा आणि एक ओढायला सोपा, एक जड का, एवढंच विचारा. घर्षण आणि आस यांचा तास उभा राहतो. हिवाळा सरता सरता काळ्या रानाला भेगा पडू लागतात. चाचणीसाठी त्याहून चांगलं मैदान विकत मिळणार नाही. जमलं तर सहल लोणारला न्या. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किमी रुंदीचं हे विवर चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे.

सामानाचं थोडक्यात. वायरवाला रोव्हर साधारण हजार रुपयांच्या आसपास होतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका, सहा मोटारींपुढे ती दम तोडते. सुटे लिथियम सेल या वयाच्या हातात देऊ नका, शॉर्ट झाला की पेटतात. ग्लू गनचे सांधे एप्रिलच्या उन्हात सुटतात, तिथे नटबोल्टच हवा. सोल्डरिंग अडलं तर गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याशी ओळख करून घ्या. माझं निम्मं शिक्षण अशाच एका दुकानात झालं.

पैशाचं सरळ सांगते. हे काम बहुधा मानधनावर असतं, दोन दिवस या शाळेत, दोन दिवस त्या, मधे एसटी. पहिल्या वर्षी जोडीला शिकवणी किंवा दुसरं काहीतरी ठेवा. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, असते. एका ठिकाणी ‘खराब होईल’ म्हणून थ्री-डी प्रिंटर प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला मी पाहिलाय, त्यामुळे किल्ली कोणाकडे असते ते आधी विचारा. मुलांची कल्पना चांगली असेल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत पाठवा. निवड झाली तर १०,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात, म्हणून त्याचं खातं चालू आहे का हे जुलैतच बघून ठेवा. आणि मुख्याध्यापकांना पहिला फोन कराल तेव्हा वर्गातला प्लग चालतो का, हेही विचारा.