'पाहिजे होतं'चं इंग्रजी करताना मी कुठे आपटले

मस्ट, शुड, हॅव टू तुम्हाला येतात असं मी धरूनच चालते. मस्ट म्हणजे 'केलंच पाहिजे', शुड म्हणजे 'करायला हवं', हॅव टू म्हणजे 'करावं लागतं'. हा तक्ता मलाही तोंडपाठ होता आणि त्यानेच माझा घात केला.

नोकरीचा तिसरा महिना होता. रात्री सर्व्हरवर एक बदल केला आणि सकाळी बघते तर डेटाचा एक भाग गायब. परदेशातल्या टीमबरोबर कॉल सुरू झाला, पहिलाच प्रश्न बॅकअपचा. मी बॅकअप घेतला नव्हता. घ्यायला पाहिजे होता, विसरले, एवढंच कबूल करायचं होतं. धीर एकवटून म्हणाले, "आय मस्ट हॅव टेकन द बॅकअप."

पलीकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत ही! पुढचा दीड तास दोघं जण तो बॅकअप शोधत होते आणि मला वाटत होतं, ते दुसराच कुठला तरी जुना बॅकअप शोधताहेत. शेवटी एकीने विचारलं, "डिड यू टेक इट ऑर नॉट?" मी म्हणाले, "नो." तिने "ओके" म्हटलं आणि माइक म्यूट केला.

माझ्या वाक्याचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. मी म्हणाले होते, "बॅकअप मी घेतला असणार."

माझं गणित असं होतं: मस्ट म्हणजे पाहिजे, भूतकाळ करायचा तर पुढे हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप, झालं 'पाहिजे होतं'. शुडला हे गणित लागू पडतं. 'शुड हॅव टेकन' म्हणजे 'घ्यायला पाहिजे होता'. म्हणून तर फसायला होतं. मस्टला मात्र हॅव जोडलं की कर्तव्य संपतं आणि अंदाज सुरू होतो. दिवा चालू दिसला की आपण म्हणतो ना, 'ती आली असणार', तेच 'शी मस्ट हॅव कम'. गंमत म्हणजे मस्ट हे मुळात एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळाचं रूप होतं. ते वर्तमानात येऊन बसलं, आणि सक्तीचा भूतकाळ सांगायची पाळी 'हॅड टू'वर आली.

आता 'थांबणं' घेऊ. कंटाळा आला तरी वाचा, माझा दीड तास इथेच गेलाय.

'मला थांबावं लागलं.' आय हॅड टू स्टे. म्हणजे मी थांबले. 'मी थांबायला हवं होतं.' आय शुड हॅव स्टेड. म्हणजे मी थांबले नाही, चुकलं. 'ती थांबली असणार.' शी मस्ट हॅव स्टेड. थांबली की नाही ते मी पाहिलेलं नाही, पण खात्री वाटते. तिन्ही वाक्यं कालचीच, पण काम झालं की नाही याचं उत्तर तिन्हींत वेगळं. म्हणून तोंड उघडण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: ते काम झालं का? झालं आणि नाइलाजाने झालं, तर हॅड टू. झालं नाही, तर शुड हॅव. माहीत नाही, नुसता अंदाज, तर मस्ट हॅव. आणि स्वतःच्या चुकीची कबुली देताना मस्ट हॅव कधीच नाही. कधीच नाही.

घाबरू नका. 'लागलं', 'हवं होतं' आणि 'असणार' यांत मराठी बोलताना आपण एकदाही गोंधळत नाही. फरक डोक्यात पक्का आहे, फक्त तक्त्यावरून शब्द उचलण्याऐवजी आपलं मराठी वाक्य आधी नीट ऐकायचं.

एका ठिकाणी मात्र मराठीच दगा देते. 'मला त्यांना फोन करायचा होता.' मनात होतं, की ठरलेलं काम होतं? मनात असेल तर वॉन्टेड टू, नेमून दिलेलं असेल तर वॉज सपोज्ड टू. राहिलेल्या कामाबद्दल वरिष्ठांना 'आय वॉन्टेड टू कॉल' सांगितलंत तर काम तुमच्या मर्जीवर होतं असं वाटतं. तसंच 'नको'चं. 'उद्या तुम्ही यायला नको' यात आपण समोरच्याचा त्रास वाचवत असतो, पण 'यू मस्ट नॉट कम' म्हटलं की दारच बंद. तिथे 'यू डोन्ट हॅव टू कम'.

मला एका वरिष्ठांनी सल्ला दिला होता, मस्ट वापरत जा, बोलण्यात ठामपणा येतो. माझ्या मते असे सल्ले देणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१ मधल्या ब्रिटिश लिखाणाचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा मस्टचा वापर चांगलाच घटलेला आढळला. सहकाऱ्याला मस्ट म्हणणं हुकूम सोडल्यासारखं वाटतं. मस्ट शोभतं ते नियमांत. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत हे शब्द कसे वाचायचे ते मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात सांगितलंय. मस्ट म्हणजे सूट नाही. शुड म्हणजे करा, पण सबळ कारण असेल तर परिणामांचा पूर्ण विचार करून सोडता येईल. शुडची एवढी स्वच्छ व्याख्या मला व्याकरणाच्या एकाही क्लासमध्ये मिळाली नव्हती.

शुडच्याच अर्थाचं ऑट टू बोलताना फारसं लागत नाही, ओळखता आलं की पुरे. पण त्याचं मूळ मला आवडतं. ते 'ओ' या क्रियापदाचं जुनं भूतकाळाचं रूप, आणि 'ओ' म्हणजे देणं लागणं. आपणही 'पैसे देणं लागतो' म्हणतो आणि 'जावं लागतं' असंही म्हणतो, क्रियापद तेच.

शिकवणारं कोणी शोधायचंच असेल तर त्या कॉलवरच्या बाईसारखं शोधा. तिने व्याकरण काढलं नाही, घेतलास की नाही एवढंच विचारलं.

मी अजूनही चुकते. मागच्या आठवड्यात एकाला लिहिलं, "यू हॅड बेटर सेंड द फाइल टुडे." माझ्या मनात 'आज पाठवलीत तर बरं होईल'. बेटर म्हणजे बरंच की! पण इंग्रजीत ते 'नाहीतर बघा हं' असं ऐकू येतं. सेंडवर बोट जाता जाता दिसलं. खोडलं आणि 'कुड यू' लिहिलं.