फ्लॉवरिंग क्विन्स फुलत नाही? या चुका टाळा

फ्लॉवरिंग क्विन्स हे गुलाबाच्या कुळातले, सफरचंद आणि नासपती यांच्याशी नाते सांगणारे काटेरी झुडूप मूळचे चीन, जपान आणि कोरियाच्या परिसरातले आहे. हिवाळा सरता सरता, बहुधा पाने फुटण्याच्या आधीच, त्याच्या उघड्या फांद्यांवर लाल, शेंदरी, गुलाबी किंवा पांढरी फुले येतात. झुडूप इतके चिवट असते की ते सहसा मरत नाही. तक्रार असते ती ‘वाढते जोमाने, पण फुलत नाही’ अशी, आणि तिचे कारण बहुतेक वेळा रोपात नसून छाटणीच्या वेळापत्रकात असते.

फुले चालू हंगामातल्या कोवळ्या फांदीवर येत नाहीत. मागच्या वर्षी पक्व झालेल्या फांद्यांवर आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठीदार कोंबांवर ती येतात, आणि त्यांच्या कळ्या आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासूनच तयार होऊ लागतात. त्यामुळे पानगळीच्या सुमारास किंवा ऐन हिवाळ्यात ‘बाग नीटनेटकी करू’ म्हणून सिकेटर (छाटणीची कात्री) चालवणारा माणूस प्रत्यक्षात पुढच्या बहराच्याच कळ्या कापून टाकत असतो. हिवाळ्याच्या अखेरीस एखादी फांदी जवळून पाहिली तर फरक लगेच कळतो: फुलकळ्या गोल, फुगीर आणि जुन्या लाकडावर घोसाने बसलेल्या असतात, तर पानकळ्या बारीक, टोकदार आणि फांदीला चिकटलेल्या असतात. छाटणीसाठी योग्य वेळ एकच, ती म्हणजे बहर ओसरल्यावर लगेचची. त्या वेळी सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकी पाव ते एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत कापाव्यात, म्हणजे आतल्या भागात हवा आणि ऊन पोहोचते आणि बुंध्यापासून नवे जोमदार फुटवे येतात. कुंपणाची कात्री फिरवून झुडपाला चेंडूचा आकार देण्याची हौस मात्र टाळलेली बरी, कारण अशा छाटणीने वरच्या थरात पानांचा दाट पडदा तयार होतो, आतल्या फांद्या उघड्या पडतात आणि जी थोडी फुले येतात ती पानांआड दडून जातात. भिंतीवर चढवलेल्या झुडपाच्या बाजूच्या फांद्या फुलांनंतर दोन-तीन पानांवर आखडून घ्याव्यात. वर्षानुवर्षे हात न लावलेले, गुंता झालेले झुडूप बुंध्याशी कापून नव्याने वाढवता येते, परंतु त्यानंतर दोन-एक वर्षे फुलांची अपेक्षा ठेवू नये.

छाटणी वेळेवर होऊनही बहर विरळच असेल, तर ऊन आणि खत यांकडे पाहावे. हे झुडूप अर्धसावलीत जगते, पण भरगच्च फुलण्यासाठी त्याला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. हिरवळीला भरपूर नत्राचे खत घातले जात असेल आणि झुडूप तिच्या कडेलाच असेल, तर त्या नत्राचा वाटा त्यालाही मिळतो आणि लांबलचक, हिरव्यागार, पण फुलांविना वाढलेल्या फांद्या दिसू लागतात. वर्षातून एकदा कुजलेले कंपोस्ट आणि बुंध्यापासून थोडे दूर ठेवलेले आच्छादन त्याला पुरेसे होते. जिथे हिवाळ्यात पुरेशी थंडी पडत नाही, तिथे बहर मुळातच कमी येतो आणि त्यावर कोणतेही खत हा उपाय नाही. नव्या रोपाला तर स्थिरावण्यासाठी दोन-तीन वर्षे द्यावीच लागतात.

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. जमिनीत लोह असूनही सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) ७.५ च्या पुढे गेला की झुडपाला ते घेता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत, तसेच बांधकामाचा चुना-सिमेंट मुरलेल्या भिंतीच्या पायथ्याशी हे सर्रास दिसते. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, तात्पुरता आधार देते, पण सामू उतरवण्यासाठी गंधक आणि सेंद्रिय पदार्थ यांचीच जोड लागते. पाणी साचणाऱ्या जागी मात्र लावूच नये. रुजून स्थिरावलेले झुडूप बऱ्यापैकी पाण्याचा ताण सहन करते, पण तुंबलेल्या पाण्यात मुळे कुजतात.

जागा निवडताना काटे विसरले जातात. पायवाटेच्या किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेच्या कडेला लावलेले झुडूप पुढे कपडे आणि कातडी दोन्ही फाडते. काही जाती ३ मीटरपर्यंत वाढतात, तर जपानी जाती साधारण १ मीटरच्या आतच राहतात, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावा. मुळांवरून येणारे फुटवेही पसरत जातात. ते वरून कापले तर आणखी दाट फुटतात, म्हणून माती उकरून मुळापासूनच काढावेत. काटे नकोच असतील, तर ‘डबल टेक’ मालिकेतील बिनकाटेरी वाण मिळतात, पण त्यांना सहसा फळे धरत नाहीत.

रोगांपैकी फायर ब्लाइट हा खरा धोका आहे. हा जिवाणूजन्य रोग बहुधा फुलांतून शिरतो, फांदीचे शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात आणि काठीच्या मुठीसारखे वाकतात. रोगट भागाच्या २० ते ३० सेंटीमीटर खाली, निरोगी लाकडात कापावे, प्रत्येक कापानंतर सिकेटर अल्कोहोलने पुसावा आणि छाटलेला भाग कंपोस्टमध्ये टाकू नये. नत्राने वाढलेली मऊ पालवी या रोगाला अधिक बळी पडते. ओल्या हवामानानंतर उन्हाळ्यात ठिपके पडून पाने गळणे मात्र इतके गंभीर नसते. गळालेली पाने गोळा करून टाकावीत आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावे. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो.

फळे हवी असतील तर दोन वेगवेगळ्या वाणांची झुडपे जवळ लावावीत, कारण एकट्या झुडपावर ती कमी धरतात. पिकल्यावरही ती इतकी कडक आणि आंबट असतात की न शिजवता खाववत नाहीत, परंतु जेली घट्ट करणारे पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेलीसाठी ती उत्तम ठरतात. फळांसाठी वाढवली जाणारी बिही, जिला इंग्रजीत नुसते ‘क्विन्स’ म्हणतात, ही मात्र वेगळीच वनस्पती आहे. ती बिनकाटेरी लहान झाडासारखी वाढते आणि तिची फुले पाने आल्यानंतर एकेकटी उमलतात, म्हणून केवळ ‘क्विन्स’ या नावावर भरवसा ठेवून रोप घेऊ नये आणि फांदीवर काटे आहेत का ते आधी तपासावे.