दोन खाती पुरतात: बग शोधायला उतरणाऱ्यांसाठी

वेबसाइट आणि ॲपमधल्या सुरक्षेच्या चुका, म्हणजे बग, शोधून कंपनीला कळवायचे आणि त्याचं बक्षीस मिळवायचं, त्या कामाबद्दल हे आहे. बर्प सूट (वेब रिक्वेस्ट अडवून तपासायचं साधन) कसं चालतं, आयडीओआर (नंबर बदलला की दुसऱ्याची माहिती उघडणं) म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (जे पाहायची परवानगी नाही तेही उघडता येणं) पहिल्या क्रमांकावर आलं, तेही वाचलं असेल. मी फसले ती याच जागी.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एका संस्थेच्या पोर्टलवर माझी फीची पावती उघडली. यूआरएलच्या शेवटी पावतीचा नंबर होता. तो एकाने वाढवला, तर दुसऱ्याच मुलीची पावती समोर. नाव, फोन, जन्मतारीख, सगळं. तिथेच थांबायला हवं होतं. पण एका पावतीवर कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहून चारशे पावत्या उतरवल्या आणि रिपोर्टला झिप जोडून पाठवली. चौथ्या दिवशी वकिलाची नोटीस आली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि रात्रभर एक शब्द बोलले नाहीत. प्रकरण मिटायला सात महिने गेले.

आयटी कायद्याचं कलम ४३ बघा. मालकाच्या परवानगीविना सिस्टीममध्ये शिरणं आणि डेटा उतरवणं, दोन्ही त्यात येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू चांगलाच होता. पण चारशे पावत्या लॅपटॉपवर असताना ते कुणाला पटवणार?

म्हणून दोन खाती काढा, दोन्ही स्वतःची. पहिल्याच्या लॉगिनने दुसऱ्याची पावती उघडली की बग सिद्ध झाला. तिसरी पावती उघडायची गरजच नाही. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि वेळ जोडा, बस. चुकून परक्याची माहिती दिसलीच तर पुढे जाऊ नका, ती जतन करू नका आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. हे सगळं जिथे टेस्टिंगला लेखी परवानगी आहे तिथेच. जिथे ती नाही तिथे शोधायला जाऊच नका. वापरता वापरता काही दिसलं, तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला, कळवा.

घाबरून सोडू मात्र नका. पहिले पाच महिने मला एक रुपया मिळाला नाही, सगळे रिपोर्ट डुप्लिकेट, म्हणजे तेच बग आधीच कुणीतरी कळवलेले. कारण मीही न्यूक्ली या स्कॅनरचे तयार टेम्प्लेट चालवत होते, आणि तेच टेम्प्लेट जगभरातले लोक चालवतात. एकच ॲप धरून महिनाभर त्यातच राहिले, तेव्हा कुठे पहिला बग मान्य झाला. 'तीस दिवसांत बग हंटर' छाप कोर्सना पैसे देऊ नका. बर्प सूट बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे आणि कितीतरी सरस आहे. मेंटॉर म्हणून बक्षिसांचे स्क्रीनशॉट टाकणारा नको, तुमच्या रिपोर्टमधल्या चुका ओळीओळीने दाखवणारा शोधा.

आणि स्कोपचं पान, म्हणजे कशाकशावर टेस्टिंगची परवानगी आहे ती यादी, टेस्टिंगच्या दिवशी सकाळी पुन्हा वाचा. काल यादीत असलेलं सबडोमेन आज काढलेलं असू शकतं.