उन्हाळ्याच्या सुट्टीत नेपाळ : कागद आधी, बॅग मागून

विदेश म्हटलं की आमच्या गावात लोक आधी विमानाचं तिकीट विचारतात अन् मग गप्प बसतात. पण बाप्पा, वावराच्या पैशात अख्खं घर घेऊन जायचं तर विदेश म्हणजे नेपाळ, त्याला विमान लागत नाही, व्हिसा लागत नाही, पासपोर्टही नसला तरी चालतं. आम्ही पाच जण जाऊन आलो, मी, बायको, सोळा वर्षाची पोरगी, अकरा वर्षाचं पोट्टं अन् सत्तरीची माय, तेव्हापासून जो तो विचारतो काय काय तयारी केली म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा विचार डोक्यातून काढा. हिमालय त्या दिवसांत मोकळा दिसतो हे खरं, पण आपल्याकडे तेव्हाच सोयाबीनचं काढणं अन् कापसाचा पहिला वेचा, घरचं माणूस वावर सोडून कुठे हलणार. मे महिन्यात वावर रिकामं असतं अन् विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तोच आपला सीझन. डोंगर मात्र मे मध्ये धुरकट असतात, डोंगराखालच्या पोखरा शहरात दुपारून पाऊस येतो, बर्फाचं शिखर दिसलं तर पहाटेच. पण ४५ डिग्रीतून निघालेल्या माणसाला तो पाऊसच पुरतो.

आता कागद, अन् खरी तयारी ही एवढीच, बाकी सगळं रस्त्यात मिळतं. मोठ्या माणसाला नियमाने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं वोटर कार्ड पाहिजे, नुसतं आधार धरत नाहीत. आधार चालतं ते १५ च्या आतल्या लेकरांना अन् ६५ च्या वरच्यांना, म्हणजे पोट्टं अन् माय सुटले. १५ ते १८ मधल्यांना मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र लागतं, इथे आम्ही फसलो, शाळेतून नेहमीचा बोनाफाईड आणला अन् तो चालणार नाही हे कळलं तेव्हा शाळेला सुट्ट्या लागलेल्या, मग सरांच्या घरी दोन चकरा. तुम्ही एप्रिलमध्ये, पेपर चालू असतानाच घेऊन ठेवा.

बायकोचं प्रकरण याहून भारी. वोटर कार्ड माहेरच्या गावचं, माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, अन् रेशन कार्डात तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हेच आहे. कुटुंब सोबत असेल तर एका मोठ्या माणसाकडे पक्का कागद असला की बाकीच्यांचं फोटोचं ओळखपत्र अन् नात्याचा पुरावा चालतो अशी सवलत आहे, पण नात्याचा पुरावा म्हणजे परत नावं जुळलीच पाहिजे ना, म्हणून मतदार यादीतल्या दुरुस्तीचा फॉर्म ८ भरून वोटर कार्ड सासरच्या नावा-पत्त्याचं करून घ्या, त्याला वेळ लागतो, जानेवारीतच बीएलओला, म्हणजे गावातल्या मतदार यादीवाल्याला गाठा. यूपी-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या फाटकावर गर्दीत कधी कोणी काही विचारतही नाही, पण हॉटेलवाला मागतोच.

ट्रेनचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, मे च्या सुरुवातीला निघायचं तर मार्चच्या सुरुवातीलाच बसावं लागतं, कारण उन्हाळ्यात यूपीकडच्या गाड्या लग्नसराईने भरलेल्या असतात. राप्तीसागर एक्सप्रेस नागपूरवरून गोरखपूरला जाते, पण रोज नाही, आधी वार पाहा. ५ ते १२ च्या लेकराचं बर्थ न घेता अर्धं तिकीट होतं, आम्ही पैसे वाचवायला घेतलं अन् रात्रभर पोट्टं माझ्या पोटावर झोपलं, त्यापेक्षा पूर्ण तिकीट घ्या. गोरखपूरहून सोनौली बसने, फाटक पायीच ओलांडायचं, अन् पलीकडे गेलं की घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं.

पैसे म्हणाल तर आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे १६०० ची खोली आपली १००० ची. कोणीही भाव सांगितला की आधी विचारायचं, आयसी का एनसी, म्हणजे भारतीय का नेपाळी, हे न विचारता मायनं दोन शाली घेतल्या अन् पुढचं सांगत नाही. शंभराच्या नोटांचं बंडल घरूनच न्या, फोनच्या पेमेंटच्या भरवशावर राहू नका.

लुंबिनी, म्हणजे बुद्धाचं जन्मस्थान, आधी करा, सोनौलीहून जवळ आहे, पण ती तराईत, म्हणजे डोंगराखालच्या सपाट पट्ट्यात, तिथलं ऊन आपल्यासारखंच, सकाळी सातलाच पोहोचा. आमच्या गावचे बरेच जण तिथे जाऊन आलेत, बाबासाहेबही १९५६ मध्ये दीक्षाभूमीच्या सोहळ्यानंतर महिनाभरातच काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले होते, गावातल्या त्या लोकांना विचारा, खरी माहिती त्यांच्याचकडे. तिथून पोखऱ्याचा रस्ता लई वळणाचा, उलटीच्या गोळ्या अन् जुन्या पिशव्या हाताशी ठेवा, रात्रीची बस घेऊ नका. शनिवारी तिकडे सुट्टी असते, त्या दिवशी कामाचं काही ठरवू नका. काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही, माझी पँट त्या दिवशी सुतळीवर होती.

घरचं म्हणजे ढोरं. सालदाराला बैलांच्या कुटार-ढेपेचं माप डब्यानं दाखवून द्या, तोंडी सांगू नका. खायला दशम्या, चिवडा अन् शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस निभतं. अन् एक, मायनं महिनाभर बसून घरच्या कापसाच्या वाती वळल्या होत्या पशुपतिनाथासाठी, ती पिशवी मी चटणीच्या डब्याखाली कोंबली अन् सगळ्या वाती तेलात. मी घाबरत घाबरत दाखवल्या, तर म्हणे, “जाळाच्याच तं होत्या ना रे, तेल लागलं तं का झालं.”