घोस्ट बॉलने नेम अचूक, तरी चेंडू पॉकेटबाहेर

वाशीतल्या क्लबमध्ये मी बराच काळ पूल (काठीने टेबलावरचे चेंडू कडेच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ) खेळताना घोस्ट बॉल पद्धतीने नेम धरत असे, म्हणजे लक्ष्य चेंडूमागे पॉकेटच्या रेषेत 57.15 मिलिमीटर व्यासाचा काल्पनिक चेंडू मानून क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा पांढरा चेंडू, तिथे पोहोचवत असे. भूमितीने पाहता अर्ध्या चेंडूवर, म्हणजे क्यू बॉलचे केंद्र लक्ष्य चेंडूच्या कडेवर, नेम धरला की 30 अंशांचा कट मिळतो, म्हणजे लक्ष्य चेंडू तितक्या कोनात वळतो. सामन्यात मात्र हळू मारलेला नेमका हाच कट दर वेळी जाड बसत असे, म्हणजे चेंडू हवा त्याहून कमी वळत असे.

दोष माझ्या हाताचा, असेच मला वाटे. एका दुपारी टेबलावर खडूने बारीक खुणा करून तोच शॉट आधी हळू व मग जोरात मारून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. धडकेच्या क्षणी दोन्ही चेंडू एकमेकांवर घासतात आणि ते घर्षण लक्ष्य चेंडूला क्यू बॉलच्या दिशेकडे ओढते. वेग कमी असून क्यू बॉल न लोळता सरकत आला, तर ही ओढ विशेष जाणवते. स्पर्शाच्या जागी खडू लागलेला असेल, तर ती आणखी वाढते.

आता नेम त्याच पद्धतीने धरतो, परंतु हळू कट किंचित पातळ घेतो आणि प्रत्येक फ्रेमपूर्वी चेंडू पुसतो. बाहेरच्या बाजूची फिरकीही, म्हणजे क्यू बॉलला लक्ष्य चेंडूपासून दूरच्या बाजूला मारून दिलेली, ही ओढ कमी करते. पण तिने क्यू बॉलची वाटच थोडी सरकते, म्हणून ती मी क्वचितच वापरतो.