मिशिगन हरले की काय करावे: कोलंबसमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला किंवा कोलंबस शहरात नोकरीला आलेल्या मराठी माणसाला अमेरिकी फुटबॉलचे नियम महिन्याभरात समजतात. आपल्या संघाचा सामना नसतानाही एखाद्या शनिवारी शेजारचे दिवाणखाने अचानक का दणाणून उठतात, हे समजायला मात्र त्याचा एक अख्खा हंगाम जातो. कारण बहुधा एकच असते: उत्तरेला तीन तासांच्या अंतरावर असलेल्या ॲन आर्बरचा मिशिगन संघ कुठेतरी हरलेला असतो. या भावनेसाठी मराठीत ‘जिरली’ हा एक शब्द पुरेसा आहे, त्यामुळे ती आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. ती केव्हा, कोणासमोर आणि किती दाखवावी, एवढेच शिकायचे आहे, आणि हे मार्गदर्शन तेवढ्यापुरतेच आहे.

आधी वैराची ओळख करून घ्यावी, कारण वैर ठाऊक नसताना केलेला जल्लोष लोकांना उसना वाटतो. टोलेडो शहर आणि त्याभोवतीची चिंचोळी पट्टी कोणाची, यावरून १८३५ मध्ये ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांवर सशस्त्र तुकड्या पाठवल्या होत्या. टोलेडो ओहायोला मिळाले आणि मिशिगनला त्याबदल्यात वरचा द्वीपकल्प व राज्याचा दर्जा पदरात पडला. दोन्ही विद्यापीठांचे संघ पहिल्यांदा भिडले ते १८९७ मध्ये, आणि तो सामना मिशिगनने ३४–० असा जिंकला. एकूण हिशोबात आजही मिशिगन पुढे आहे, हे कोलंबसमध्ये कोणी आपण होऊन सांगत नाही. १९३५ पासून हा सामना नियमित हंगामाच्या अखेरीस ठेवण्याची प्रथा पडली, त्यामुळे वर्षभराचे उट्टे काढायला नोव्हेंबरअखेरचा एकच शनिवार मिळतो. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारलेली दिसते. ओहायो स्टेटचे जुने प्रशिक्षक वुडी हेज मिशिगनचे नावसुद्धा घेत नसत, ‘वर उत्तरेकडचा तो संघ’ एवढेच म्हणत. पतीचे नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या, तर या प्रथेचे फारसे आश्चर्य वाटणार नाही, जरी येथे तिच्यामागचे कारण नेमके उलटे असले तरी.

यानंतरचा पहिला नियम असा की घड्याळ पूर्ण थांबेपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. हा नियम शिकण्यासाठी १ सप्टेंबर २००७ या दिवसाइतके चांगले उदाहरण नाही. त्या दिवशी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने नॉर्थ कॅरोलायनातील बून या डोंगराळ गावच्या ॲपलाशियन स्टेट संघाला हंगामाच्या सलामीला बोलावले होते. पाहुणा संघ खालच्या विभागातला होता. त्या वेळी त्या विभागात ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, तर वरच्या विभागात ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. अशा पाहुण्याला मोठे मानधन द्यायचे, सहज हरवायचे आणि हंगामाची सुरुवात गोड करायची, हा मोठ्या संघांचा जुना शिरस्ता आहे. प्रत्यक्षात २६ सेकंद उरलेले असताना ॲपलाशियन स्टेटने २४ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण) मारून ३४–३२ अशी आघाडी घेतली. १ लाख ९ हजारांहून अधिक प्रेक्षक गप्प झाले. कोलंबसमध्ये ज्यांनी त्याच क्षणी आरोळ्या ठोकल्या असतील, त्यांच्या घशात त्या पुढच्याच मिनिटाला अडकल्या असणार, कारण मिशिगनने एका लांब पासवर ४६ यार्ड कापले आणि विजय ३७ यार्डांच्या किकवर आणून ठेवला. कोरी लिंच या बचावपटूने ती किक हाताने अडवली आणि मगच सामना संपला. पाचव्या क्रमांकावरचे मिशिगन पुढच्या क्रमवारीत पहिल्या पंचवीसमध्येही राहिले नाही.

गंमत अशी की हा सामना बिग टेन नेटवर्कवर, म्हणजे ही दोन्ही विद्यापीठे ज्या बिग टेन गटात खेळतात त्याच्या वाहिनीवर होता. ती वाहिनी अवघ्या दोन दिवसांपूर्वी सुरू झालेली असल्यामुळे ओहायोतील असंख्य घरांत दिसतच नव्हती, आणि पुष्कळांना आयुष्यातला हा सर्वांत गोड पराभव पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या आकड्यांतून किंवा फोनवरून कळला. आजही कोलंबसमध्ये ‘३४–३२’ एवढे आकडे उच्चारले तरी पुढचे काही सांगावे लागत नाही. नवागताने पाठ करायची पहिली गोष्ट हीच आहे. पराभव साजरा करण्याची सर्वांत सभ्य आणि सर्वांत झोंबणारी पद्धत म्हणजे फक्त गुणफलक लिहून पाठवणे. त्यासोबत विशेषण, हसरा चेहरा किंवा उद्गारचिन्ह जोडू नये.

आनंद करण्यापूर्वी त्या पराभवात आपला फायदा आहे की तोटा, हे तपासून घ्यावे. आपल्याकडे सवतीची एक जुनी, काहीशी बोचरी म्हण आहे: नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. मिशिगन हरण्याची इच्छा पुष्कळदा याच जातीची असते. शत्रू जितका बलवान, तितकी त्याच्यावरच्या विजयाची किंमत अधिक. १८ नोव्हेंबर २००६ रोजी दोन्ही संघ अपराजित होते, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होते, आणि म्हणूनच ओहायो स्टेटचा ४२–३९ हा विजय लोकांच्या इतका लक्षात राहिला. मिशिगन सप्टेंबरपासूनच हरत गेले असते, तर नोव्हेंबरमध्ये त्यांना हरवून फारसे काही हाती लागले नसते. माझे वैयक्तिक मत असे आहे की मिशिगनने एक सामना हरावा, तोही अनपेक्षितपणे, आणि मग आपल्यासमोर येईपर्यंत जिंकत राहावे. कोलंबसमधील जुने लोक या मताला भेकडपणा म्हणतात.

आता प्रत्यक्ष साजरे करण्याकडे वळू. आपल्याकडे आनंद झाला की पेढे वाटतात, आणि ओहायोत त्या जागी चपखल बसणारा पदार्थ आधीच तयार आहे. राज्याचे झाड बकाय, संघाचे नावही बकाय, आणि त्याच्या बीसारखी दिसणारी मिठाईही बकायच. दीड कप पीनट बटर, अर्धा कप मऊ लोणी आणि साधारण तीन कप पिठीसाखर एकत्र मळावी. गोळा हाताला चिकटला तर आणखी थोडी साखर घालावी. लहान लिंबाएवढे गोळे वळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवताना ते फुटत नाहीत. नंतर प्रत्येक गोळ्यात टूथपिक खोचून तो वितळलेल्या गडद चॉकलेटमध्ये असा बुडवावा की वर रुपयाएवढा फिकट गोल उघडा राहील. तो गोल झाकला गेला तर ते नुसते चॉकलेट झाले, बकाय नव्हे. ओव्हनमध्ये भाजायचे काही नसल्यामुळे दुपारचा सामना संपल्यावर सुरुवात केली तरी संध्याकाळपर्यंत डबा भरतो. शेंगदाण्याचा लाडू वळता येणाऱ्या घरात हे शिकवावे लागत नाही.

कपड्यांबाबत एवढेच पुरे की त्या दिवशी निळा रंग टाळावा आणि लाल किंवा करडा घालावा. ज्या संघाने मिशिगनला हरवले त्याचा शर्ट घालण्याचा मोह काही जणांना होतो, पण पुढच्याच महिन्यात तो संघ आपल्यासमोर उभा ठाकू शकतो, म्हणून मी तो खर्च टाळतो.

मर्यादांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथील गोष्टी थट्टेवरून फौजदारीपर्यंत गेलेल्या आहेत. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी ॲन आर्बरमध्ये मिशिगन २३–२१ असे पुढे होते आणि दहा सेकंद उरले होते. त्यांच्या ऑस्ट्रेलियन पंटरच्या (चेंडू लाथेने लांब धाडणाऱ्या खेळाडूच्या) हातून खाली आलेला चेंडू निसटला आणि मिशिगन स्टेट या त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने तो ३८ यार्ड पळवत टचडाउन केला. सामना २७–२३ असा फिरला, आणि त्याच धावेत वॉट्स-जॅक्सनच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्या पंटरला इतक्या घाणेरड्या शिव्या आणि धमक्या आल्या की मिशिगनचे तत्कालीन हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहावे लागले. या शिव्या घालणाऱ्यांत स्वतःला मिशिगनचे म्हणवणारेही होते. पंटरचे नाव येथे मी मुद्दाम लिहीत नाही. हे खेळाडू विशी-बाविशीतले विद्यार्थी असतात. जल्लोषात संघाला, गणवेशाला, त्यांच्या गाण्याला आणि फार तर प्रशिक्षकाला लक्ष्य करावे. चुकलेल्या मुलाचे नाव घेऊन खिजवू नये.

वस्तूंनाही हात लावू नये. अलाबामा राज्यातील ऑबर्न गावात विजयानंतर टूमर्स कॉर्नरवरच्या ओक वृक्षांवर कागदाचे रोल भिरकावण्याची परंपरा आहे. २०१० मध्ये ऑबर्नने अलाबामाला २८–२७ असे हरवल्यावर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी जहाल तणनाशक ओतले आणि नंतर रेडिओवर फोन करून तशी बढाईही मारली. झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये ती काढावी लागली, आणि त्याला तुरुंगात जावे लागले. कोलंबसलाही फार ऐट मिरवता येणार नाही, कारण २००२ मध्ये मिशिगनला १४–९ असे हरवल्याच्या रात्री याच शहरात गाड्या जाळण्यात आल्या. याउलट २००६ च्या त्या मोठ्या सामन्याच्या आदल्याच दिवशी मिशिगनचे माजी प्रशिक्षक बो शेंबेकलर यांचे निधन झाले, तेव्हा कोलंबसच्या स्टेडियममध्ये सामन्यापूर्वी त्यांच्यासाठी स्तब्धता पाळली गेली. नवागताने या शहराची वृत्ती समजून घेताना या दोन्ही घटना शेजारी ठेवाव्यात.

जल्लोषाची मुदत रविवारी दुपारपर्यंत असावी. सोमवारी कचेरीत विषय आपण होऊन काढू नये, समोरच्याने काढला तर एक वाक्य बोलून थांबावे. नशीब किती लवकर उलटते याचे ताजे उदाहरण दोन्ही बाजूंना पुरेल असे आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने कोलंबसमध्ये येऊन ओहायो स्टेटला १३–१० असे हरवले, सलग चौथ्यांदा. त्यांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलरचा दंड झाला. मिशिगनवाल्यांचा तो आनंद सात आठवडे टिकला. त्याच हंगामात बाद फेरी बारा संघांची झाली होती, त्यामुळे हरलेले ओहायो स्टेट आत राहिले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोट्र डेमला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेते ठरले.

शेवटची सूचना डब्याविषयी आहे. मिशिगनच्या चाहत्याला बकाय पाठवायचे तर आपल्याला पुन्हा लागणार नाही अशा डब्यातून पाठवावेत, कारण मराठी घरातून डबा रिकामा परत येत नाही आणि तो केव्हा परत येईल हे आपल्या हाती नसते. ७ सप्टेंबर २०२४ रोजी टेक्सासने ॲन आर्बरमध्ये मिशिगनला ३१–१२ असे हरवले, तेव्हा मी आमच्या गल्लीतील, ॲन आर्बरला शिकलेल्या एका मराठी कुटुंबाकडे स्टीलचा चांगला डबा भरून दिला आणि झाकणावर तेवढे आकडे लिहिले. वहिनींनी हसून तो ठेवून घेतला. बारा आठवडे डब्याचा पत्ता नव्हता. ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो आमच्या दारात होता. आत मिशिगनच्या पिवळ्या रंगाशी तंतोतंत जुळणारे बेसनाचे लाडू होते, आणि झाकणावरचे माझे आकडे पुसून तेथे १३–१० असे लिहिलेले होते.